रविवारी कोण येणार, हे मुलाला शनिवारीच ठाऊक असावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापूरकडच्या एका बालगृहात तुमचा चौदा जणांचा गट दोन वर्षं दर रविवारी शिकवायला जातो. आधी गट सांभाळणाऱ्यांची बदली झाली आणि जबाबदारी तुमच्याकडे आली. चौदांपैकी नेमानं येतात पाच-सहा. मुलं बिलगतात, खूश असतात, पण शाळेतले गुण जागचे हलत नाहीत. अधीक्षिका 'या, बसा' म्हणतात, पुढे कशात लक्ष घालत नाहीत. आणि तुम्ही विचारलंय, नवे स्वयंसेवक कुठून आणू आणि आहेत ते टिकवू कसे?

मी पेशानं माध्यमिक शिक्षिका. २००६ पासून मी बालगृहांत जाते. पहिली सहा-सात वर्षं नुसती शिकवायला जात होते, नंतर गटाची जबाबदारी घेतली. त्या अनुभवावरून सांगते, निदान सहा महिने नवं माणूस आणू नका.

स्वयंसेवक टिकत नाहीत हा तुमचा त्रास झाला. मुलांच्या बाजूनं बघा. तिथल्या दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातून आतापर्यंत किती मोठी माणसं येऊन गेली असतील? घरची माणसं, ज्यांनी उचलून पोलिसांत नेलं ते, मूल कुठे राहील हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीचे सदस्य, आधीच्या गृहातल्या काळजीवाहक मावशी, इथल्या मावशी, त्यांच्या जागी आलेल्या दुसऱ्या. त्यात तुम्ही चौदा ताई-दादा, तेही आलटून पालटून. माझ्या पहिल्याच दिवशी एका नऊ वर्षांच्या मुलानं पाटी पुढे सरकवत विचारलं होतं, "ताई, तुम्ही किती दिवसांच्या?" त्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. माझ्यात जीव किती गुंतवायचा, याचा तो अंदाज घेत होता. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या गटातल्या प्रत्येकाला ते देता यायला हवं, आणि ते खरं ठरवणं हे गटप्रमुखाचं पहिलं काम.

आता काही गोष्टी तुमच्या बालगृहावर अवलंबून आहेत, त्या आधी बघून घ्या. गृह शासकीय आहे की संस्थेनं चालवलेलं? मुलं तिथे वर्षानुवर्षं राहतात की तीन-चार महिन्यांत घरी किंवा दुसऱ्या गृहात जातात? वयोगट कोणता? बहुतेक मुलं थोड्या मुक्कामाची असतील, तर मी पुढे सांगते ती जोड्यांची पद्धत चालणार नाही. तिथे गोष्ट, खेळ, वाचन असं त्या त्या दिवशी पूर्ण होणारं काम करा. शिवाय 'सगळी अनाथ आहेत' असं गृहीत धरू नका. मी पाहिलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांना आई आहे, ती धुणीभांडी करते, वडील वारलेत किंवा दारूत बुडालेत. पोराचं शिक्षण व्हावं, दोन वेळचं जेवण मिळावं म्हणून तिनं त्याला इथे ठेवलंय. अशी मुलं दिवाळीला, मे महिन्यात घरी जातात आणि काही परत येत नाहीत.

हे परत न येणं नेहमी वाईट नसतं, आणि स्वयंसेवकांना ते फार अवघड जातं. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं तत्त्वच असं आहे की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आधी स्वतःचं घर, ते शक्य नसेल तर दत्तक किंवा प्रतिपालक (काही काळ मूल सांभाळणारं) कुटुंब, आणि काहीच जमलं नाही तर संस्था. महाराष्ट्रात घरी राहणाऱ्या अशा मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून महिन्याला २२५० रुपये मिळतात. तेव्हा एखाद्या मुलाची आई न्यायला आली, तर "इथेच राहा रे, दहावी होईल तुझी" हे वाक्य तुमच्या गटातल्या कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. वाईट वाटलं तर ते आपल्या बैठकीत बोलावं. मुलापुढे आनंदानं दप्तर भरून द्यावं, कुठवर शिकवलं ते एका कागदावर लिहून तो आईच्या हाती द्यावा.

गरिबाच्या पोराला ठेवून घेऊन शिकवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये तुमच्याच कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, आणि पोरांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि मंगळसूत्रसुद्धा दिलं. पण ही माणसं त्या मुलांबरोबर राहत होती. आपण आठवड्याला दोन तास जाणारे. लक्ष्मीबाईंची जागा आपण घेऊ शकत नाही, आणि तसा आव आणला की मूलच फसतं. मला आपल्यासाठी जास्त जवळचा वाटतो तो वार लावून जेवायचा रिवाज. त्यात मिंधेपणा होता, तो मला नको. पण सोमवारी कुणाच्या घरी पान आहे आणि मंगळवारी कुणाच्या, हे त्या मुलाला पक्कं ठाऊक असे. त्या ठरलेपणावर तो आठवडा काढत असे. आमच्या गटात आम्ही आजही म्हणतो, 'तुझा वार कोणता?'

तर आमची पद्धत अशी. एक स्वयंसेवक, दोन मुलं, जून ते एप्रिल, एकच वार, एकच वेळ, बसायची जागासुद्धा तीच. दोन मुलं अशासाठी की एक घरी गेलं तर स्वयंसेवक रिकामा पडत नाही, दोघं एकमेकांना शिकवतात, आणि एका मोठ्या माणसानं एका मुलाला घेऊन एकटं बसणं सुरक्षिततेच्या दृष्टीनं मला मान्यच नाही. आठवडाभर आधी माहीत असलेली सुट्टी असेल तर स्वयंसेवकानं ती मुलांना स्वतः सांगायची. अचानक अडचण आली तर शनिवारी संध्याकाळपर्यंत मला फोन, मी अधीक्षिकांना सांगणार, आणि मुलांना झोपायच्या आधी कळणार. त्या रविवारी त्या दोघांसोबत मी बसते. दुसऱ्या कुणाला बदली पाठवत नाही. म्हणूनच गटप्रमुखानं स्वतःची जोडी घेऊ नये, त्यानं राखीव राहावं. पहिली तीन वर्षं मी दोन्ही करत होते, आणि माझ्याच दोन मुली मागे पडल्या, कारण दर रविवारी मी कुठेतरी धावपळ करत असायचे.

तुमच्याकडे नेमानं येणारे सहा धरले तर बारा मुलं होतात. गृहात साठ असतील, तर बाकीच्यांचं काय, हा प्रश्न तुम्हाला बोचेल. मलाही बोचतो. पण साठांना अधूनमधून भेटून एकाचंही वाचन पुढे सरकत नाही, हे तुम्ही दोन वर्षं बघताय. बारा मुलं अधीक्षिकांना विचारून निवडा, शक्यतो पाचवी ते आठवीतली मागे पडलेली आणि दोन-तीन दहावीची. बाकीच्यांसाठी उरलेल्या माणसांतून एक वाचनतास आणि एक मैदानी तास ठेवा.

आणि कुणी गट सोडणार असेल तर निरोप घेऊनच सोडायचं. तीन आठवडे आधी तारीख सांगायची, शेवटच्या दिवशी येऊन भेटायचं, आणि पुन्हा भेटायला येणार नसू तर 'येईन' म्हणायचं नाही. आमच्यातला एक चांगला मुलगा नोकरी बदलून पुण्याला गेला आणि रडारड नको म्हणून न सांगता गेला. त्याच्याकडे शिकणारी सहावीतली मुलगी पुढचे चार रविवार सतरंजीवर त्याच्या जागी स्वतःची वही ठेवून बसत होती. दुसरं कुणी बसायला गेलं की म्हणायची, जागा आहे. पाचव्या रविवारी ती आलीच नाही, पोट दुखतंय म्हणाली. त्या मुलाला मी फोन करून बोलावून घेतलं. तो आला, तिला सगळं नीट सांगितलं, ती रागावली आणि मग रडली. त्यानंतर ती परत शिकायला बसली.

इथवरचं थोडक्यात: माणसं कमी, जोड्या पक्क्या, वार ठरलेला, निरोप सांगून, आणि प्रमुख राखीव. आता गुणांकडे येते.

गुण का वाढत नाहीत? शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवतात. अकरा वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलं नसलं तरी पाचवीत बसतं. तत्त्व बरोबर आहे, मोठ्या पोराला पहिलीत बसवणं अपमानाचं असतं. कायद्यानं अशा मुलासाठी विशेष प्रशिक्षणही सांगितलंय. पण ते नीट झालं नाही, किंवा मध्येच गृह आणि शाळा बदलली, तर सातवीच्या बाकावर दुसरीचं वाचन येत नसलेलं मूल बसलेलं असतं. तुमचे स्वयंसेवक रविवारी त्याला सातवीचं विज्ञान शिकवतात. ते त्याच्या डोक्यावरून जातं आणि तो मान हलवतो, कारण त्याला तुम्ही उद्याही यायला हवे असता.

सातवीतला एक मुलगा मला बालभारतीचा धडा घडाघडा वाचून दाखवायचा. एकदा वाऱ्यानं पान उलटलं आणि त्याचं वाचन तसंच चालू राहिलं. त्याला धडा ऐकून पाठ झाला होता. त्याच दिवशी मी त्याला बेचाळीस वजा सतरा घातलं. उत्तर आलं ३५. मी चूक म्हटलं नाही, कसं केलंस ते विचारलं. तो म्हणाला, सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. वरून खालचं वजा करायचं हे त्याच्या मनात नव्हतंच, मोठ्यातून लहान काढायचं एवढंच होतं. आम्ही खराट्याच्या काड्या घेतल्या, दहा-दहाच्या चार जुड्या रबरानं बांधल्या आणि दोन काड्या सुट्या. सतरा मला दे, म्हटलं. त्यानं एक जुडी दिली. सात देताना हात अडला. दोन सुट्या काड्यांकडे बघत बसला, मग एका जुडीचं रबर काढलं आणि म्हणाला, "म्हणजे दहाचे सुटे करायचे." सुटे हा शब्द त्याचा स्वतःचा होता. हातचा म्हणजे काय, हे त्याला शाळेत पाच वर्षांत कुणी हाताला लागू दिलं नव्हतं.

म्हणून येत्या दोन रविवारांत काही शिकवू नका, नुसतं तपासा. मुलांना वाचन-गणित किती येतं हे बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत वापरतात तशा पायऱ्या पुरतात: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला दहा मिनिटं लागतात. मुलगा कुठल्या पायरीवर आहे ते वहीत तारखेसह लिहा आणि तिथून सुरू करा. गटाला स्पष्ट सांगा की पहिलं वर्षभर शाळेचे गुण फारसे हलणार नाहीत. चार महिन्यांत पायरी बदलली का, एवढंच बघायचं. माझा अनुभव असा की नेमानं बसलं तर ती बदलते, आणि पहिली पायरी चढल्यावर मूल स्वतःहून वही उघडतं.

दहावीच्या मुलांचं वेगळं. तिथे पाया भरत बसायला वेळ नसतो. पेपरचा सराव, वेळापत्रक, आणि रात्री जेवणानंतर दिवा चालू राहील अशी एक खोली. ही खोली अधीक्षिकांशी बोलून मिळवावी लागते, कारण तिथे रात्री थांबायला कुणीतरी कर्मचारी लागतो. नापास झालेल्याला पुरवणी परीक्षा असते, आणि शाळा सुटलेल्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. पण त्याच्या तारखा कुणीतरी लक्षात ठेवायला हव्यात.

अधीक्षिकांबद्दल तुम्ही थोड्या नाराजीनं लिहिलंय. त्यांच्या खुर्चीत क्षणभर बसून बघा. समितीपुढच्या तारखा, दवाखाना, पळून गेलेला मुलगा, रिकामी पदं, नोंदवह्या, आणि येणारे गट. प्रत्येक गट पहिल्या दिवशी मोठं काहीतरी बोलतो. त्यांनी असे कितीतरी गट येताना आणि जाताना पाहिलेत. मी जबाबदारी घेतली तेव्हा आमच्या अधीक्षिकांना एकच विचारलं, आम्ही काय करू नये? त्या आधी गप्प राहिल्या, मग तीन गोष्टी सांगितल्या. न कळवता खाऊ आणू नका. मुलांच्या हातात मोबाईल देऊ नका. घरचं काही विचारू नका. आम्ही त्या पाळल्या. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःहून अभ्यासाची खोली उघडून दिली.

दुसरी गोष्ट, महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहून त्यांना द्या. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा ठेवणं संस्थेवर बंधनकारक आहे, आणि समितीपुढे मुलाची फाईल जाते. 'खूप गोड मुलगा आहे' याचा त्या फाईलला उपयोग नाही. 'शब्द पायरीवरून परिच्छेदावर आला, दोन अंकी वजाबाकी जमते, फळ्यावरचं दिसत नाही असं वाटतं, डोळे तपासावेत' याचा आहे. आमच्या अशाच एका ओळीमुळे एका मुलीला चष्मा लागला.

आणि देणगीदार. वाढदिवस, पुण्यतिथी, पितृपक्ष, पंधरा ऑगस्ट, या दिवशी बालगृहाच्या दारात गाड्या लागतात. लोक मनापासून येतात, त्यांना दोष देत नाही. पण दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या एका मुलीला मी ओळीत उभी पाहिलंय. एका कुटुंबाच्या मुलाचा वाढदिवस होता. स्वागतगीत, केक, चार भाषणं, फोटो, मग जेवण. ती दोन तास टाळ्या वाजवत होती आणि तिच्या ओढणीखाली भूमितीची वही होती. रात्री नऊला तिनं ती उघडली, दहाला दिवे गेले. पुढच्या आठवड्यात आम्ही एका मोठ्या कागदावर वर्षभराच्या सगळ्या परीक्षा लाल शाईनं लिहून तो कार्यालयात चिकटवला. अधीक्षिकांना आम्ही काही बोललो नाही. महिन्याभरानं त्याच म्हणाल्या, "कागद दाखवला की मला नाही म्हणता येतं हो ताई." देणाऱ्याला नाही म्हणणं त्यांना एकटीला जड जात होतं. गटाचा खरा आधार असा असतो.

सुरक्षिततेचं सांगते, इथे मी 'तुमच्या गृहावर अवलंबून' वगैरे काही म्हणणार नाही. प्रत्येक स्वयंसेवकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, मग तो कितीही ओळखीचा असो. बंद खोलीत मुलाबरोबर एकटं नाही. लेखी परवानगीशिवाय मुलाला फाटकाबाहेर नेणं नाही. एकट्या मुलाला भेटवस्तू नाही. फोटो नाही, स्टेटसवर तर मुळीच नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षा बाजूला ठेवा. वीस वर्षांनी त्या मुलीच्या सासरी कुणीतरी तो फोटो काढून दाखवावा का, एवढाच विचार करा.

आणि एखाद्या मुलानं त्याच्यावर अत्याचार झाल्याचं सांगितलं तर? 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही. शांतपणे ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत लिहून काढायचं आणि कळवायचं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्यानं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक गटातल्या प्रत्येकाकडे असू द्या. संशय संस्थेतल्याच माणसावर असेल तर संस्थेची परवानगी मागत बसू नका, थेट पोलीस आणि समिती. मला एकदा हे करावं लागलं. आमच्या गटाचा प्रवेश चार महिने बंद झाला. ते चार महिने मला रविवारी सकाळी घरात बसवत नव्हतं. पण पुन्हा तशी वेळ आली तरी मी तेच करीन.

शेवटी अठराव्या वर्षाबद्दल. तुम्ही ते विचारलं नाहीत, पण माझ्या मते गटाची कसोटी तिथे लागते. अठरा पूर्ण झाली की मुलाला गृह सोडावं लागतं. बाल न्याय अधिनियमात कलम ४६ खाली अनुरक्षणाची, म्हणजे गृह सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे, साधारण एकवीसपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत तेविसापर्यंत. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून अनुरक्षणासाठी महिन्याला ४००० रुपयांची तरतूद आहे. पण यातलं काहीही अठराव्या वाढदिवसानंतर धावाधाव करून मिळत नाही. तयारी नववीतच सुरू करा.

तयारी दोन तऱ्हेची. एक रोजच्या जगण्याची. बालगृहात घंटा वाजली की ताट वाढलेलं असतं. सतरा वर्षांच्या एका मुलाला मी मंडईत नेलं, अर्थात परवानगी काढून. पाव किलो म्हणजे अडीचशे ग्रॅम, हे त्याला पुस्तकात येत होतं. मिरच्यांच्या ढिगापुढे मात्र तो हात मागे बांधून उभा राहिला, किती मागायच्या कळेना, आणि बाईंना भाव विचारायचा असतो हेही माहीत नव्हतं. पुढचे सहा महिने तो दर पंधरा दिवसांनी बाजारात आला. मग बँक, एसटीचं आरक्षण, भात-आमटी, खोलीचं भाडं आणि अनामत म्हणजे काय, हे सगळं.

दुसरी तयारी कागदांची. आधार, जन्माचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला असेल तर तो, बँक खातं. ज्यांना आई-वडील नाहीत त्यांच्यासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र. महाराष्ट्रात २०१८ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण आहे, आणि ते या प्रमाणपत्रावर मिळतं. मूल गृहात असतानाच अर्ज झाला तर सगळे अभिलेख हाताशी असतात. आमच्या एका मुलीच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात वडिलांच्या नावाची जागा रिकामी होती आणि आधारवर आधीच्या गृहाच्या अधीक्षकांचं नाव लागलं होतं. आयटीआयची यादी लागली तेव्हा ते लक्षात आलं. तिचं एक वर्ष गेलं. तेव्हापासून आठवी संपली की प्रत्येक मुलाची एक फाईल होते, आणि सगळ्या कागदांवरचं नाव, जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळतंय का ते तपासलं जातं.

ही फाईल आमच्याकडे कोण सांभाळतं ते सांगते. गटात एक निवृत्त तलाठी काका आले. शिकवायला बसले, पण मुलं त्यांच्यापुढे घाबरायची आणि ते मुलांपुढे. तीन रविवारांनंतर म्हणाले, माझा काही उपयोग नाही, मी येत नाही. मी त्यांच्यापुढे त्या मुलीचे कागद ठेवले. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही दाखले शेजारी ठेवून वाचले, आणि सोमवारी सकाळी तहसीलच्या पायरीवर हजर झाले. त्यानंतर आजवर बावीस मुलांच्या फायली त्यांनी पुऱ्या केल्यात. रविवारी ते येत नाहीत. मुलं त्यांना 'कागदवाले आजोबा' म्हणतात, आणि गृह सोडून गेलेली मुलं पहिला फोन बऱ्याचदा त्यांनाच करतात.

तुमच्या चौदांपैकी जे आठ-नऊ रविवारी येत नाहीत, त्यांना नावं ठेवण्याआधी त्यांच्यात असं कुणी आहे का, ते बघा.